गोधडीचं तुमच्याकडचं टोक

आत्या,

तुमच्या गोधड्या काल धुतल्या. चार होत्या. सुतक फिटलं, घर पुसून झालं आणि तुमचं अंथरूण नदीवर न्यायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात आलं. सून मी, दुसरं कोण नेणार? तेराव्याला आलेल्या बायकांनी तुमचं इतकं कौतुक केलं की आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या घरी बसलोय असं मला वाटायला लागलं. एक म्हणाली, सासू असावी तर अशी. दुसरी म्हणाली, सुनेला लेकीसारखं वागवलं हो. तेव्हा मी पदर तोंडाला लावला आणि सगळ्यांना वाटलं, हिला हुंदका आला. हसू आलं होतं, आत्या. चौदा वर्षांत तुम्ही मला एकदाही लेकीसारखं वागवलं नाही, आणि वागवलं असतं तरी मी वागवू दिलं नसतं. म्हणून आता खरं काय ते लिहायला बसले आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं. त्याचा फायदा मी आयुष्यात कधी घेतला नाही, आज घेते.

लग्न होऊन मी धुळ्याहून अमळनेरला आले ते ब्याऐंशी साल. उंबऱ्यावरचं माप ओलांडलं आणि तुम्ही माझं मनगट धरून मला आत ओढलंत. चार बांगड्या जागच्या जागी पिचल्या. नव्या नवरीच्या बांगड्या पिचल्या म्हणून बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. दुसरी कुणी सासू असती तर ओशाळली असती. तुम्ही माझा हात उलटासुलटा करून पाहिलात, भाजीवाल्याकडची गवार पाहावी तसा, आणि म्हणालात, "खडूना हात शेत. बांगडीबी कच्ची, हातबी कच्चा."

मी शाळेत शिकवते याचा तुम्ही गल्लीभर तोरा मिरवलात आणि घरात त्याच शाळेवरून मला चौदा वर्षं टोचून खाल्लंत. हंडा हिंदकळला, खडूना हात. भाकरी तव्यावर फाटली, खडूना हात. बाळंतपणानंतर पहिल्यांदा पोरीला न्हाऊ घालायला बसले, तर तुम्ही तिला माझ्या मांडीवरून उचलून घेतलंत. का, तर खडूच्या हातातून लेकरू निसटेल. त्या दिवशी मी मोरीत बसून रडले. तुम्ही बाहेर पोरीला तेल चोळत अहिराणीत गाणं म्हणत होतात. गाणं गोड होतं, तेवढं कबूल करते.

तुमचे हात मात्र हात होते. आखाजीच्या सणाला गल्लीत कुणाच्याही घरी मांड्यांसाठी खापर तापलं की बोलावणं तुम्हाला. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत तुम्ही तो कोपरापर्यंत मोठा करायचात आणि तापल्या खापरावर असा पसरायचात की मांड्यातून पलीकडचं दिसावं. एकही फाटत नसे. पण त्याच हातांनी तुम्ही नळ बंद केलात की सकाळी ह्यांना पाना घेऊन यावं लागे. ह्यांनी तीनदा वॉशर बदलले. तुम्हाला सांगायची कुणाची छाती नव्हती.

आणि मग ती नदी. दर वर्षी घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण बोरीवर न्यायचं, ही गल्लीची रीत. पाणी प्यालेली गोधडी एकटीच्या बापाला उचलत नाही. दोघींनी दोन टोकं धरायची, एकीने उजवीकडे पीळ द्यायचा, एकीने डावीकडे, पाणी निथळेपर्यंत. गल्लीत ही टोकं सासू-सुनांनीच धरायची. जिच्या हातून टोक सुटेल तिने सगळ्या ओल्या गोधड्या घरापर्यंत वाहून न्यायच्या. हा नियम कुणी केला कोण जाणे, पण तो मोडलेला मी कधी पाहिला नाही. बाकीच्या घरांत थट्टामस्करीत व्हायचं. आपल्याकडे नाही.

पहिल्या वर्षी तुम्ही पीळ दिलात आणि माझ्या मनगटापासून खांद्यापर्यंत कळ गेली. टोक सुटलं आणि मी उताणी पाण्यात. काठावरच्या सगळ्या बाया हसल्या. शेजारच्या शेवंताकाकूंना तर हसता हसता ठसका लागला. तुम्ही हसला नाहीत. नुसत्या माझ्या तोंडाकडे बघत राहिलात, मी "आई गं" म्हणते का ते ऐकायला. म्हटलंच मी. ते ऐकलंत आणि मगच मान वळवलीत. दर वर्षी हेच. माझ्या तोंडून "आई गं" निघाल्याशिवाय तुमचं नवरात्र सुरू व्हायचं नाही. तेरा वर्षं मी ओल्या गोधड्या डोक्यावर घेऊन नदीवरून घरी आले, पाठीवरून पाणी गळत, आणि तुम्ही पुढे रिकाम्या हाताने, चपला वाजवत.

त्यातली एक गोधडी तर माझ्याच निळ्या साडीची. पहिल्या पगाराची साडी ती. मी शाळेत असताना ट्रंकेतून काढलीत, कापलीत, गोधडीला लावलीत. विचारलं तर म्हणालात, "विरी गयथी." विरली नव्हती. तीनदा नेसलेली साडी विरत नाही, आत्या. हे भांडण आपण किती वर्षं भांडलो? आणि तुम्ही ते अर्धवट टाकून गेलात.

म्हणून मी ठरवलं होतं, एकदा तरी तुमची जिरवायची. वर्गातल्या मुलांकडून काढून घेतलेला एक रबरी चेंडू माझ्या टेबलाच्या खणात होता. तिसरीची मुलं पाढे म्हणायची आणि मी टेबलाखाली चेंडू दाबायची. बे एके बे, दाब. बे दुणे चार, सोड. मुलांना वाटायचं, बाईंना कसला तरी राग आलाय. आलाच होता. पूर्ण वर्षभर मी तो चेंडू दाबला. दिवाळीत दाबला, परीक्षेत दाबला, मेच्या सुट्टीत घरी आणून मोरीत दाबला.

आणि गेल्या वर्षी, पंच्याण्णवच्या भादव्यात, ते झालं. दुसरीच गोधडी होती. मी पाय रोवले, पीळ दिला आणि वाट पाहत राहिले, आता येईल तुमचा पीळ, आता कळ जाईल खांद्यात. आलाच नाही. तुमच्याकडचं टोक एकदम मोकळं झालं, गोधडी माझ्याकडे धावत आली आणि गच्चकन माझ्या पोटावर आदळली. मला आधी कळलंच नाही काय झालं. तुम्ही आपल्या रिकाम्या हातांकडे बघत होतात. मग हात पदराला पुसलेत आणि म्हणालात, "मी मुद्दाम सोडी दिनं वं. तू परत पाणीमा पडी जाशी म्हनीसन."

मुद्दाम म्हणे. मी भर नदीत भांडले. म्हटलं, तेरा वर्षं पडत होते तेव्हा दया आली नाही ती आजच कुठून आली? हरलात, हरलात म्हणा. नियमाप्रमाणे गोधड्या डोक्यावर घेतल्यात. अर्ध्या वाटेवर मारुतीच्या ओट्यावर टेकलात, चपलेचा अंगठा तुटला म्हणालात. मी पुढे होते, रिकाम्या हाताने. वळून पाहिलं. चपलेचा अंगठा धड होता. तुमचं तोंड पांढरं पडलं होतं आणि तुम्ही तोंडाने श्वास घेत होतात. मी ते पाहिलं, आत्या. पाहिलं आणि मनात म्हटलं, आता कळतंय का ओझं? आणि चपला वाजवत घरी आले.

त्या दिवशी मी झणझणीत शेवभाजी केली आणि गल्लीत वाट्या भरून वाटली. कुणी विचारलं कशाची, तर सांगायची, आमच्या आत्या हरल्या त्याची. सात घरांत सांगितलं. तुम्ही ओट्यावर बसून ऐकत होतात. असं गोड जेवण मी त्या घरात आधी कधी जेवले नव्हते.

तिथे थांबायला हवं होतं. पण तेरा वर्षांचं उट्टं एका दिवसात निघतं होय? तुमचा हात सैल पडलाय हे आता मला ठाऊक झालं होतं, आणि मी त्याच्यावर डोळा ठेवून बसले. पाण्याचा तांब्या तुम्ही दोन्ही हातांनी धरायला लागलात. कळण्याच्या भाकरीचं पीठ मळता मळता मध्येच थांबायला लागलात आणि पीठ जाड दळलंय म्हणून गिरणीवाल्याला शिव्या द्यायला लागलात. नळ आता तुमच्या हातून ठिबकत राहायचा. सकाळी मी तो बंद करायची, तुमच्यादेखत, पुरता आवळून.

आणि बरण्या. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, ह्यांनासुद्धा नाही. लोणच्याच्या बरण्यांची फिरकीची झाकणं मी मुद्दाम घट्ट लावायला लागले. जीव खाऊन, फडक्याने धरून, अशी की मलासुद्धा उघडताना दोनदा दम घ्यावा लागे. म्हटलं, बघू या, एकदा तरी तोंड उघडून म्हणतील, पोरी, एवढं उघडून दे. तेवढंच ऐकायचं होतं मला. तुम्हीही कमी नव्हतात. तुम्ही लोणचं खाणंच सोडलंत. वर्षाला दोन बरण्या कैरी घालणारी बाई, जेवताना पानात लोणचं नसलं तर ताट सरकवणारी. म्हणालात, "आते माले आंबट सोसत नही." ह्यांना ते खरं वाटलं. मला ठाऊक होतं, आणि मी समोर बसून कैरीची फोड चोखत होते.

आखाजीला खापर तापलं. तुमचा पहिला मांडा हातावरच फाटला. दुसरा खापरावर अर्धा पडला, अर्धा चुलीत. तुम्ही दोष गव्हावर घातलात. गहू मी निवडले होते, म्हणून माझ्यावरही घातलात. मग म्हणालात, डोळ्यांत धूर जातोय, आणि उठून गेलात. उरलेले मांडे शेवंताकाकूंनी केले. तुम्ही मागच्या दाराशी पायरीवर बसलात. पावलं सुजून चपलेच्या पट्ट्यातून वर आली होती. मी तिथून दोनदा गेले-आले. मला पावलं दिसली नाहीत. मला फाटलेले मांडे दिसत होते.

आषाढात एका सकाळी तुम्ही न्हाणीघरातून बाहेर आलात आणि तुम्हाला श्वासच पुरेना. आडवं केलं की गुदमरायचात, बसवलं की मान टाकायचात. ह्यांनी एसटीडी बूथवरून धुळ्याला माझ्या भावाला फोन केला आणि एक जीप करून आम्ही तुम्हाला तिकडच्या दवाखान्यात नेलं. वाटभर तुम्ही खिडकीची दांडी धरून ठेवायचा प्रयत्न करत होतात आणि हात सारखा निसटत होता. मी तो परत दांडीवर ठेवत होते.

डॉक्टर वयस्कर होते, कमी बोलणारे. नाडी पाहिली, छाती ऐकली, पावलांवर अंगठा दाबून खड्डा किती वेळ राहतो ते पाहिलं. मग आपली दोन बोटं पुढे केली. "आजी, दाबा. जेवढा जोर असेल तेवढा." तुम्ही दाबलीत. त्यांनी दुसऱ्या हाताचीही दोन बोटं दिली. तुम्ही तीही दाबलीत आणि धापा टाकत म्हणालात, "हळूच दाबं ना. डाक्टरनं बोट मोडी जायतं तं?" म्हणजे इथेही मुद्दामच हळू दाबलंत म्हणे. ते हसले नाहीत. विचारलं, "हातातला जोर कधीपासून गेलाय?"

हे म्हणाले, "आईच्या हातातला? नाही हो डॉक्टर, गल्लीत कुणालाही विचारा."

तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. चौदा वर्षांत पहिल्यांदा तुम्ही माझ्याकडे काहीतरी मागितलंत. तोंडाने नाही, पण मी काय तुम्हाला ओळखत नव्हते? पोराच्या देखत सांगू नको, एवढंच. आणि मी गप्प बसले. मला आजही ठरवता येत नाही, ती मी दया केली की आणखी एक सूड घेतला.

मग बाहेर व्हरांड्यात मी डॉक्टरांना गाठलं आणि सगळं सांगितलं. नदी, तांब्या, मांडे. बरण्यांचं सोडून सगळं. ते म्हणाले, "बाई, उतारवयात हाताची पकड आणि हृदय पुष्कळदा बरोबरीने उतरतात. हृदयाचं बळ कमी पडलं की अंगातल्या स्नायूंचंही बळ ओसरतं. हाताला मार नाही, सांधा धरलेला नाही, आणि तरी पकड गेली, तर एकदा छाती तपासून घ्यावी. दर वेळी हृदयच असतं असं नाही. पण हात आपल्याला दिसतो, हृदय दिसत नाही." मी विचारलं, भादव्यातच आणलं असतं तर? त्यांनी चष्मा काढला, पुसला. म्हणाले, "औषधाने दिवस मिळाले असते. किती, ते मी सांगू शकत नाही. धाप लागली की सगळे येतात. पकड सैल झाली म्हणून कुणी येत नाही."

कुणी येत नाही. मी तर शेवभाजी वाटली.

चौथ्या दिवशी दुपारी मी एकटीच तुमच्याजवळ होते. हे औषध आणायला गेले होते. तुम्ही डोळे उघडलेत, हात पुढे केलात. मी माझा हात दिला. तुम्ही तो धरलात आणि दाबलात. माशी बसावी तेवढाही जोर त्यात नव्हता. आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिलात, नदीत बघायचात तशा. मला कळलं तुम्हाला काय ऐकायचं होतं. दोन शब्द होते, आत्या. तेरा वर्षं ओरडून म्हटलेले, फुकटचे. मी म्हटलं, "आणखी जोरात दाबा, आत्या. डॉक्टर म्हणाले ना, जोर लावा." तुम्ही मान वळवलीत. तासाभराने गेलात.

आता माझा राग ऐकून घ्या. तुम्ही मला न्याय्य लढत दिली नाहीत. मी वर्षभर चेंडू दाबत होते आणि तुम्ही आतून फुटत होतात, आणि मला कळू दिलं नाहीत. माझी एकुलती एक जीत तुम्ही नासवलीत. मला जिंकायचं होतं ते तुमच्या त्या नळ पिळणाऱ्या हातांशी. आजारी म्हातारीला कुणीही हरवतं. एकदा म्हणायचं होतंत, पोरी, हात चालत नाही. मी टोमणा मारला असता, दोन दिवस मारला असता, आणि तिसऱ्या दिवशी तुम्हाला एसटीत घालून धुळ्याला नेलं असतं. तुम्हाला काय वाटलं, नेलं नसतं? तुम्हाला खरंच तसं वाटलं असेल तर तुम्ही मला चौदा वर्षांत ओळखलंच नाहीत. आणि मी तुम्हाला तसं वाटू दिलं असेल, तर मग आता मी कुणावर दात खाऊ?

काल नदीवर तुमच्याकडचं टोक शेवंताकाकूंनी धरलं. पाणी अजून लालसर होतं. शेवटची ती निळ्या साडीची गोधडी. मी नीट पाहिली. विरलीय आता, ती गोष्ट वेगळी. पीळ देता देता मी ठरवलं की घ्या, देऊन टाकते तुम्हाला. काठावर त्याच सगळ्या बाया होत्या, माझी शेवभाजी खाल्लेल्या. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "काकू, गेल्या वर्षी आत्यांच्या हातून सुटली नव्हती. त्यांनी मुद्दाम सोडली होती. मी पडू नये म्हणून."

ते वाक्य म्हणताना मी पीळ आणखी आवळला. काकूंनी गोधडीवरून वर पाहिलं, जरा नवल करून. म्हणाल्या, "आमले ठाऊक शे ना वं. बठ्ठी गल्लीले ठाऊक शे. ती बाईना हातमाईन काही सुटी का कधी?"

दहा महिने, आत्या. दहा महिने सात घरांनी माझी शेवभाजी खाऊन माझ्या पाठीमागे मला हसून घेतलं. एकीलाही पटलं नव्हतं की तुम्ही हरलात. आधी मला इतका संताप आला की मी गोधडी सोडूनच देणार होते. मग तो कुठल्या कुठे गेला. कुणाला पटलं नव्हतं, म्हणजे कुणाला माहीत नव्हतं. तुमच्या पोराला नाही, गल्लीला नाही. तुमचा हात खरोखर गेलाय हे या जगात दोनच बायांना माहीत होतं. त्यातल्या एकीने मरेपर्यंत सांगितलं नाही. आणि दुसरी रोज रात्रीचं आवरून झालं की बरण्या घट्ट लावत होती.

मी काकूंना म्हटलं, धरा नीट. गोधडी पिळून झाली. कुणाच्याच हातून काही सुटलं नाही, तरी चारही गोधड्या मी डोक्यावर घेतल्या. काकू म्हणाल्या, दे दोन माझ्याकडे. दिल्या नाहीत. मारुतीच्या ओट्याशी पोचेपर्यंत पाठ भिजली आणि तिथे कुणी नसताना, ऐकायला कुणी नसताना, मी "आई गं" म्हटलं. मोठ्याने म्हटलं. ऐकलंत तर ऐकलंत.

घरी येऊन गोधड्या वाळत घातल्या. मग फळीवरच्या सगळ्या बरण्या खाली काढल्या आणि एकेक झाकण सैल केलं, एका बोटाने फिरेल इतकं. हे म्हणाले, अगं, वारा लागेल, लोणच्याला बुरशी येईल. येऊ दे.